शेपट्या मोजणारी साळुंकी

सागाच्या जंगलात दर आठव्या दिवशी प्राण्यांचा बाजार भरायचा. त्या बाजाराच्या कडेला, पळसाच्या एका गळक्या ढोलीत, एक खार आपल्या तीन पिलांसह राहत होती. पावसाळा महिन्यावर आला होता. समोरच्या जुन्या उंबराच्या ढोल्या मात्र कोरड्या होत्या. पाच ओंजळी बिया दिल्या की तिथली एक ढोली मिळे. खारीने वणवण करून तीस ओंजळी साठवल्या. त्यांतल्या पंचवीस पावसाळाभर पिलांना खायला लागणार होत्या आणि उरलेल्या पाच ढोलीसाठी होत्या.

पण मुलांनो, तिची साठवण होईपर्यंत बाजाराला निराळेच वेड लागले. एक साळुंकी उंच फांदीवर बसून, किती जणांच्या शेपट्या वर आहेत ते मोजायची आणि ओरडून सांगायची. शेपटी वर म्हणजे खुशी, खाली म्हणजे भीती. "शंभरात साठ वर!" ती ओरडली, तेव्हा ढोलीचा भाव दहा ओंजळी झाला. "ऐंशी वर!" म्हणताच वीस झाला. "नव्वद वर!" ऐकून कोल्हा खारीकडे धावत आला.

"खारूताई, तीस ओंजळींत माझी ढोली घ्या. पुढच्या बाजारी चाळीस होतील!"

"मग पुढच्या बाजारीच विका ना, कोल्होबा. आज एवढी घाई का?"

कोल्हा दुसरे गिऱ्हाईक शोधायला पळाला. शेजारी ससा ऐटीत उभा होता. त्याने तीन ढोल्या घेतल्या होत्या.

"सशा, तुला तर झाडावर चढताही येत नाही," खार म्हणाली.

"राहायला कोण घेतंय? विकायला घेतल्यात!"

"कुणाला विकशील? ज्यांच्या शेपट्या वर आहेत, त्यांनी आधीच घेतल्यात. आता घेणारं उरलंय कोण?"

"तू आहेस की!" ससा म्हणाला आणि सगळा बाजार खो खो हसला.

"मी नाही घेणार," खार म्हणाली. "माझ्या पिलांच्या तोंडचा घास तुमच्या शेपट्यांवर ओवाळून टाकणार नाही."

पुढच्या बाजारी भाव खरोखरच चाळीस झाला. "बसा आता गळक्या घरात!" ससा ओरडला. त्यापुढच्या बाजारी भाव पन्नास झाला. शेपट्या खाली येणार हे खारीला कळत होते, पण कधी येणार ते तिला तरी कुठे ठाऊक होते? पिलांना तिने पोटाशी धरले. बियांना मात्र तिने हात लावला नाही.

मग पुढच्या बाजारी, भर दुपारी वादळ आले आणि उंबराची एक फांदी कडाडून मोडली. "उंबर पडला!" कुणीतरी ओरडले. बघायला कुणीच गेले नाही. "शंभरात पाच वर!" साळुंकी किंचाळली. जो तो ढोली विकायला धावला.

खार मात्र उलट दिशेने, उंबराकडे निघाली. ती शेंड्यापर्यंत चढली, मुळांशी उतरली आणि तिने खोड कुरतडून पाहिले. मोडलेली फांदी वाळकी होती. बाकी झाड हिरवेगार, फळांनी लगडलेले. बाजारात परतून ती सशासमोर उभी राहिली.

"एक ढोली दे."

"दोन ओंजळी दे आणि ने बाई!" ससा काकुळतीने म्हणाला.

"दोन नाही, या पाच धर. एका ढोलीचं मोल तेवढंच आहे. तेव्हाही तेवढंच होतं."

"अगं, वेडी का खुळी तू?" साळुंकी वरून ओरडली. "शेपट्या खाली आहेत! माझी मोजणी कधी चुकली आहे का?"

"कधीच नाही. पण बाई, तू शेपट्या मोजतेस, उंबर नाही बघत."

साळुंकीचा चेहरा पडला. "म्हणजे माझी मोजणी फुकटच म्हणायची?"

"छे गं! ती दर बाजारी मोज. सगळ्यांच्या शेपट्या एकाच बाजूला गेल्या, की मला कळतं, आता झाड स्वतः जाऊन बघायची वेळ झाली."

पाऊस आला तेव्हा तिन्ही पिले कोरड्या ढोलीत बिया फोडत बसली होती. आणि खाली भिजलेला ससा, आपल्या उरलेल्या दोन ढोल्यांकडे मान वर करून बघत होता.

तात्पर्य : बाजाराची खुशी किंवा भीती आपल्याला सावध करते, पण वस्तूचे मोल सांगत नाही, ते ज्याचे त्यानेच, सगळे हसले तरी, स्वतः जाऊन पारखावे.