तात्यांच्या मशीनचा जुना भाग

एका गावात एक भोळा बाप होता, मुरलीधर. त्यालाही एक बाप होता. ते तात्या. तात्या कानाला मशीन लावत.

मुरलीधरच्या बायकोला, शालनला, एकच घोर होता. बारशाला आत्याबाई लेकीचं नाव पुकारतील, ते तात्यांना ऐकू यायला हवं. नाव गेलेल्या सासूबाईंचं ठेवायचं होतं, आणि तात्यांना कुणी पत्ता लागू दिला नव्हता.

एकदा मशीनचा आवाज बारीक झाला. शालन म्हणाली, "अहो, मळ बसलाय. कोरड्या ब्रशनं साफ करा."

मुरलीधरनं केलं. तात्यांना ऐकू आलं.

पुढे मशीन गपगार पडलं. मुरलीधर ब्रश घेऊन बसला तो दुपारपर्यंत घासतच होता.

"अहो, सेल संपलाय! घासून काय होतंय? नवा घाला. आणि जुना उंच ठेवा, बाळाच्या हाती लागायला नको."

"हात्तिच्या!" म्हणाला मुरलीधर.

मग मशीन शिट्ट्या मारू लागलं. मुरलीधरनं नवा सेल घातला. तरी शिट्टी. त्यानं आणखी नवा घातला.

शालननं कपाळाला हात लावला. "ही नळी बघा. जुनी झाली, पिवळी पडली, ताठ झाली. असा भाग दिसला की सरळ बदलायचा. मला विचारत बसू नका."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं. पण बाळ रडत होतं.

बारशाच्या सकाळी मुरलीधर सारखा विचारी, "तात्या, ऐकू येतंय का?" तात्या आधी "येतंय" म्हणाले, मग "येतंय रे बाबा" म्हणाले, मग वैतागून तोंड मिटून बसले.

मुरलीधर घाबरला. मशीन साफ. सेल नवा. नळी नवी. मग जुनं राहिलं काय? त्यानं तात्यांकडे नीट निरखून पाहिलं.

संध्याकाळी पाळणा हलला. आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि खणखणीत पुकारलं, "अनसूया!"

शालननं भरल्या डोळ्यांनी तात्यांच्या पाटाकडे पाहिलं. पाटावर शेजारचे दगडूआबा. कानाला तात्यांचं मशीन. आबांचे कान ठणठणीत, त्यामुळे ते दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते.

"अहो, तात्या कुठायत?"

"बदलले. जुने झाले होते. कंबर ताठ, दात पिवळे. तुला विचारत बसलो नाही."

"बदलले? आणि आपले तात्या?"

मुरलीधर हसला. एवढी अक्कल त्याला होती.

"माळ्यावर ठेवलेत. शिडीसुद्धा काढून घेतलीय. बाळाच्या हाती लागायला नकोत."