धामणखोरीतली मुकी आळी

धामणखोरीच्या जत्रेत पालखी वेशीतून आत आली की ढोल थांबतात. वेशीबाहेर ते इतके जोरात वाजतात की शेजारच्या माणसाशी बोलायला कानाशी तोंड न्यावे लागते. आत पहिले पाऊल पडले की वाजवणारे टिपरी कमरेला खोचतात. मग देवळाकडे जाणाऱ्या आळीत पायांचा आवाज आणि पालखीच्या दांड्याची करकरही ऐकू येते.

बाहेरगावचे पाहुणे आधी हसतात. यंदाही एकाने विचारले, "काय तात्या, ढोल फुटले का?"

"फुटले नाहीत. बसा, सांगतो," देवळाची झाडलोट करणारे दगडूतात्या म्हणाले.

"लांबलचक आहे का?"

"पंगत बसायला अवकाश आहे. मधेच तुमचं पोट ओरडलं तर थांबेन."

फार जुन्या काळी गावात देवीची साथ आली. अंगभर फोड आणि डोळे उघडू न देणारा ताप. त्याला तेव्हा कोणी रोग म्हणत नसे. देवी घरात बसायला आली, असे म्हणत. आजारी माणूस विव्हळला तर ती देवीची हाक, आणि जो तिला ओ देईल त्याच्या घरी ती जाणार, अशी सगळ्यांची समजूत होती, असे सांगतात. म्हणून त्या घराला बाहेरून कडी घालायची, भोवती बाभळीच्या फांद्या रचायच्या आणि हाक कानावर पडू नये म्हणून दारासमोर ढोल वाजवायचा. हे सारे हळदकुंकू वाहून, हात जोडून करत. आपण कोणाला छळतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नसे.

येसू नावाच्या विधवेची पोर गोदी तापाने फणफणली. गावाने येसूला सांगितले, "तू बाहेर ये, पोरीला देवी सांभाळील." येसू आली नाही. मग कडी दोघींवर पडली. ढोलाचा मान तिच्या दिराचा, भिवाचा होता. तो आपल्याच भावाच्या दारात वाजवू लागला. रोज सकाळी एकजण लांब बांबूच्या टोकाला भाकरी आणि पाण्याचा लोटा बांधून भिंतीतल्या झरोक्यातून आत सरकवायचा.

काही दिवसांनी गोदीच्या खपल्या गळाल्या. ताप उतरला, पोर खायला मागू लागली. येसू झरोक्याशी येऊन ओरडली, "भाऊजी, पोर बरी झाली. कडी काढा." ढोलात शब्द विरून गेले, नुसता स्वर बाहेर आला. तो चढला म्हणून भिवाने हातही चढवला.

त्यातच भाकरी सरकवणारा माणूस तापाने पडला. त्याने ओ दिली असणार, असे गावाने ठरवले. दुसऱ्या दिवशी बांबूला हात लावायला कोणी पुढे झाले नाही.

येसूने मग गोदीचे हिरवे पोलके झरोक्यातून बाहेर लोंबत सोडले. पोर उठून बसली आहे, एवढेच तिला कळवायचे होते. बायांना तो देवीचा खण वाटला. त्यांनी कुंपणाबाहेरून ओटी भरली, नारळ फोडला, आणि त्याचे पाणी मातीत गेले. येसूने भांडे आपटले, तर देवी घुमते आहे, असे लोक म्हणाले. आतून काहीही केले तरी बाहेर त्याचा अर्थ आधीच ठरलेला होता.

एका दुपारी ढोल थांबला. कोणी म्हणतात, कातडे आपोआप फाटले, ती देवीचीच करणी. कोणी म्हणतात, भिवाने विळा घातला. तात्या दोन्ही सांगतात, खरे कुठले ते सांगत नाहीत. आळी गप्प झाली, तेव्हा झरोक्यातून बारीक आवाज आला.

"काका, ताक आहे का?"

गावचे कारभारी हळूच म्हणाले, "भिवा, ओ देऊ नकोस. तुझ्या घरात लेकरं आहेत."

"देवी ताक कशाला मागंल, कारभारी?" असे म्हणून भिवाने ढोल गळ्यातून उतरवला आणि मोठ्याने म्हणाला, "ओ, गोदे. आलो."

आळीतली दारे धडाधड लागली. भिवाने काटे हातांनीच ओढले. कडी काढली, पण दार आत जाईना. येसू त्याला टेकून बसली होती. लोट्यातले शेवटचे पाणी तिने पोरीला पाजले होते. तिची हाक केव्हाच बंद पडली होती, आणि तरी ढोल वाजत राहिला होता.

भिवाला म्हणे काही झाले नाही. गोदी त्याच्याच घरी वाढली. पुढे ती याच आळीत स्वतःच्या घरात नांदू लागली, आणि पालखी तिच्या दारात आली तेव्हा आरतीचे ताट घेऊन बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "आधी मला हाक मारा. माझी ओ ऐका, मग पुढे जा."

आजही पालखी आळीतल्या प्रत्येक दारात थांबते. मानकरी घरातल्या एकेकाचे नाव घेऊन हाक मारतो. ज्याचे नाव त्यानेच ओ द्यायची. आजारी माणूस अंथरुणातून देतो, तान्ह्या बाळाला आई हलकेच चिमटा काढते. दुसऱ्याने दिलेली ओ धरत नाहीत.

"आणि कोणी दिलीच नाही तर?" पाहुण्याने विचारले. आता तो हसत नव्हता.

"तर पालखी उभी राहते. गेल्या साली राहिली होती."

कोपऱ्यावरच्या घरात नव्या सुनेचे नाव घेतले होते. सासू उंबऱ्यातून म्हणाली, "झोपलीय ती. डोकं दुखतंय." मानकऱ्याने पुन्हा नाव घेतले. "अहो, मी सांगते ना, बरी आहे." पालखीवाल्यांनी खांदा बदलला. देवळात नैवेद्य गार होत होता, पण पुढे चला असे कोणी म्हणाले नाही. ऊन उतरले. सगळी आळी त्या दाराकडे बघत उभी होती. बऱ्याच वेळाने आतून लाकडावर नख घासल्यासारखा आवाज आला. सासू पदराशी चाळा करत राहिली. मग आत गेली आणि माजघराच्या खोलीची कडी तिने स्वतःच काढली.

कडी बाहेरच्या बाजूला होती.