सातव्या वळणाच्या पुढे

माणसांनी डोंगराच्या पोटातून बोगदा काढला आणि जुन्या घाटरस्त्याकडे पाठ फिरवली. तेव्हापासून तो रस्ता जंगलाचा झाला. बालमित्रांनो, त्या जंगलातले प्राणी त्या रस्त्यावर सायकली चालवत असत. सायकली त्यांना कुठून मिळाल्या, हे मला विचारू नका. ज्याला मनापासून हवी असते त्याला ती मिळते, एवढेच मला ठाऊक आहे. नदीच्या पुलापासून वर खिंडीपर्यंत घाटाला एकवीस वळणे होती, आणि तिसऱ्या वळणाच्या खालच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत, एक कोल्हीण राहत असे.

कोल्हिणीला सायकलचे वेड होते. उजाडता उजाडता ती उठायची, सागाच्या पानाने चेन पुसायची, चेनला करंजाचे तेल लावायची आणि रस्त्याला लागायची. चढ आला की इतर प्राणी कुरकुरत, हिचा चेहरा मात्र उजळे. अकराव्या वळणापासून पुढे रस्त्याला एकही झाड नव्हते. तिथे वारा आडवा येई आणि सायकलला कड्याकडे ढकली. कोल्हीण मान खाली घालून, हँडलवर अंग झोकून पायडल मारत राही. खिंडीत पोहोचली की ती पाय टेकून घटकाभर थांबे आणि मोठ्याने म्हणे, "आज बाराव्या वळणावर उतरले नाही." ऐकायला कुणीच नसे. मग ती उतार धरून घरी येई.

घाटात नरांची एक टोळी होती. लांडगा, चितळ, ससा आणि आणखी चारपाच जण रोज सकाळी एकमेकांच्या मागे ओळीने सायकली चालवत. सर्वांत पुढे असेल तो वारा अडवी, मागचे त्याच्या आडोशाला दम खात. थोड्या वेळाने पुढचा मागे येई आणि दुसरा पुढे जाई. एकदा कोल्हिणीने लांडग्याला विचारले, "मी येऊ तुमच्याबरोबर?"

लांडगा म्हणाला, "ये की. पण मागे पडलीस तर आम्ही थांबणार नाही."

ती मागे पडली नाही. शेवटच्या वळणापर्यंत ती सशाच्या मागच्या चाकाला चिकटून राहिली. ससा सारखा वळून पाहत होता. दुसऱ्या दिवशी ती ठरल्या वेळी पुलावर गेली, तर तिथे कुणीच नव्हते. सूर्य चांगला वर आला तरी ती कठड्याला टेकून वाट पाहत राहिली. टोळीने निघायची वेळ बदलली होती आणि ते तिला सांगायचे राहून गेले होते, असे तिला नंतर कळले. तिने पुन्हा विचारले नाही.

पाऊस संपून उघडीप पडली की दरवर्षी घाटाची शर्यत होई. जंगलातला सर्वांत थोरला गवा तिचा प्रमुख होता. सकाळी नर पुलावरून निघून थेट खिंडीपर्यंत जात, आणि पहिल्याला मधाचे अख्खे पोळे मिळे. त्यानंतर माद्यांची शर्यत. त्यांनी सातव्या वळणावरच्या मैलाच्या दगडाला वळसा घालायचा आणि पुलावर परत यायचे. पहिलीला रानफुलांचा हार मिळे. शर्यतीच्या आठ दिवस आधी कोल्हीण गव्याकडे गेली. तो अर्जुनाच्या झाडाखाली रवंथ करत बसला होता, आणि वरच्या फांदीवर शर्यतीची दवंडी पिटणारा कावळा होता.

"काका, यंदा मला खिंडीपर्यंत जाऊ द्या."

गव्याने सावकाश घास गिळला. "पोरी, सातव्या वळणापर्यंतची शर्यत खास तुमच्यासाठीच तर ठेवली आहे. पुढचा चढ फार वाईट. छातीत कळ आली म्हणजे?"

"मी रोज जाते, काका."

"सराव वेगळा, शर्यत वेगळी."

"म्हणजे सरावात कळ येत नाही का?"

"बघा, कशी उलट बोलते!" कावळा वरून ओरडला. गवा मात्र रागावला नाही. तो हसला, आणि तेच कोल्हिणीला जास्त लागले. "तुमच्या भल्यासाठीच सांगतो," तो म्हणाला. "आणि तुम्ही वर पोहोचेपर्यंत तिथे थांबायचं कुणी? नरांची शर्यत संपली की सगळ्यांना जेवायचं असतं."

शर्यतीच्या दिवशी कोल्हीण पुलावरून निघाली ती सगळ्यांच्या पुढे. पाचव्या वळणावर तिने मागे पाहिले तर हरिणी बरीच लांब होती, आणि सायाळ व लांडगीण तर दिसतही नव्हत्या. सातवे वळण आले. मैलाच्या दगडावर कावळा बसला होता. आता फक्त हँडल वळवायचे, उतार धरायचा आणि पुलावर जाऊन हार गळ्यात घालून घ्यायचा. कोल्हिणीने ब्रेकला बोटे लावली. तिची नजर वरच्या रस्त्यावर गेली. रोजचाच रस्ता, रोजचाच चढ. तिने ब्रेकवरची बोटे काढली आणि ती सरळ निघून गेली.

"अगं ए! चुकलीस! इकडे वळ!" कावळा ओरडला.

"चुकले नाही," ती म्हणाली, पण धाप इतकी लागली होती की ते तिचे तिलाच ऐकू आले.

ती जिवाच्या आकांताने चढली. अकराव्या वळणापासून वाऱ्याने गाठलेच, तरी ती उतरली नाही. खिंडीत पोहोचली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हते. शर्यत संपते तिथे बांधलेली दोरी सोडून नेलेली होती. रस्त्यावर नरांच्या चाकांचे माग होते आणि मधाचे चार थेंब सांडले होते, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. खालच्या रानातून जेवणाच्या पंगतीचा हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. आज खिंड काही वेगळी दिसेल, असे तिला वाटले होते. ती थोडा वेळ थांबली. कशासाठी, ते तिला सांगता आले नसते. मग ती खाली उतरली.

पुलावर हार हरिणीच्या गळ्यात पडला होता. कावळ्याने दवंडी दिली, "कोल्हीण बाद! पुढच्या वर्षीही तिला बंदी!" गव्याच्या रागाची तयारी कोल्हिणीने मनात करून ठेवली होती. पण लांडगीण तरातरा तिच्यासमोर आली.

"तुला फार मोठेपणा हवा होता ना? आहे तेवढीही शर्यत उद्या बंद करतील. मग काय करायचं आम्ही?"

सायाळ काटे फुलवून बाजूला झाली. हरिणी खाली बघत राहिली. या गोष्टीची तयारी कोल्हिणीने केली नव्हती. ती सायकल हातात धरून, पायी पायी घरी गेली.

पुढचे चार दिवस तिने सायकलला हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला. रागाने नाही आणि कुणाला दाखवून द्यायचे म्हणूनही नाही. तिला चढ आवडत असे, म्हणून. फक्त खिंडीत पोहोचल्यावर मोठ्याने बोलायचे तिने सोडून दिले. पूर्वी ऐकायला कुणी नव्हते, तरी कुणी तरी असू शकेल असे तिला वाटत असे. आता तसे वाटेना.

थंडीचे दिवस आले. एका सकाळी ती अकराव्या वळणावर आली, तर तिथल्या कठड्यावर हरिणी बसलेली. सायकल आडवी पडली होती आणि हरिणीचे पुढचे पाय तेलाने काळे झाले होते.

"चेन उतरली," हरिणी म्हणाली. "परत चढतच नाही."

कोल्हिणीने काटकी घेतली, चेन दात्यांवर बसवली आणि पायडल एकदा फिरवून पाहिले. "इथपर्यंत कशाला आलीस?"

हरिणीने तेलाचे पाय गवताला पुसले. "हार तिसऱ्या दिवशी सुकला, ताई. आणि खरं सांगू? तुम्ही सरळ गेला नसता तर तो मला मिळालाच नसता. तेव्हापासून मनात एकच येतं, वर आहे तरी काय?"

"काही नाही. खिंड आहे. पलीकडचा माळ दिसतो. वारा फार असतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग चला ना," हरिणी म्हणाली.

दोघी निघाल्या. सवयीने कोल्हीण पुढे झाली आणि वारा अंगावर घेत राहिली. चौदाव्या वळणावर हरिणी धापा टाकत शेजारी आली. "आता तुम्ही मागे या. थोडा वेळ मी घेते वारा." कोल्हीण मागे गेली. सशाच्या मागे राहिली होती तेव्हा तिचे सगळे लक्ष मागे न पडण्याकडे होते. स्वतःहून कुणी तिच्यासाठी वारा अडवला, असे कधी घडले नव्हते. तिने हरिणीच्या मागच्या चाकावर नजर ठेवली. पायांना एकदम हलके वाटू लागले. डोळ्यांना पाणी आले, आणि ते वाऱ्यामुळे आले असे म्हणायची सोय नव्हती, कारण वारा लागतच नव्हता.

पंधरा दिवसांनी सायाळ आली. मग हळूहळू आणखी चौघी आल्या. सर्वांत शेवटी लांडगीण आली. ती नुसती ओळीत शेवटी लागली. पुन्हा शर्यत आली तेव्हा बंदी असल्याने कोल्हीण सातव्या वळणावर रस्त्याच्या कडेला एकटीच उभी राहिली. आदल्या दिवशी तिने कुणालाही काही सांगितले नव्हते, कुणी तिला विचारलेही नव्हते. हार कुणाला तरी हवाच असेल, असे म्हणून तिने मनाची समजूत घातली होती.

पहिली हरिणी आली. ती दगडाला वळसा न घालता सरळ गेली. मागून सायाळ आली, तीही सरळ गेली. बाकीच्याही गेल्या. कावळा दगडावर नाचून नाचून ओरडत होता. शेवटी लांडगीण आली. कोल्हीण दिसताच तिने वेग कमी केला. "बघत काय उभी राहिलीस?" ती खेकसली आणि वरच्या रस्त्याला लागली. कोल्हीण बघतच राहिली. तिची सायकल त्या दिवशी घरी होती.

गवा पुलावर हार घेऊन बसला होता. दुपार झाली, फुले मिटली, पंगत खोळंबली, तरी घाटातून कुणी परत येईना. कावळ्याने येऊन सगळी हकिकत सांगितली, तेव्हा गवा म्हणाला, "माझ्या मनात हे कधीपासून होतंच." त्याच्या पुढल्या वर्षापासून दोन्ही शर्यती पुलापासून खिंडीपर्यंत झाल्या, दोन्हींना मधाचे पोळे ठेवले गेले, आणि शेवटची सायकल वर येईपर्यंत दोरी कुणी सोडायची नाही असे ठरले.

त्या वर्षी माद्यांच्या शर्यतीत कोल्हीण चौथी आली. मधल्या काळात तिचे वय वाढले होते आणि बाकीच्यांचे पाय तयार झाले होते. पहिली आली ती पलीकडच्या रानातून नुकतीच राहायला आलेली एक तरणी खार. कावळ्याने पहिल्या तिघींची नावे पुकारली आणि तो उडून गेला. कोल्हीण दोरीपलीकडे जाऊन कठड्यावर बसली. तिच्या शेजारी दम खात असलेल्या खारीने पलीकडचा माळ पाहिला, आणि सहज विचारले, "ताई, तुम्ही याआधी कधी इथवर आला होतात?"

"आले होते," कोल्हीण म्हणाली. "पण तेव्हा इथे कुणी नव्हतं."

तात्पर्य एवढेच, मुलांनो : काळजीच्या नावाने दुसऱ्याने आखून दिलेली हद्द ही आपल्या ताकदीची हद्द नसते, मात्र ती पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला बराच काळ एकट्यानेच पुढे जावे लागते.