नाकुलीची नाकटोपी

नाकुली होती इवलीशी. चिचुंद्रीचं पिल्लू ते! डोळे बारीक. शेपूट बारीक. नाक मात्र लांबच लांब.

नाकुलीला नाकानेच सगळं कळायचं. खाऊ कुठे? नाक सांगायचं. बीळ कुठे? नाक सांगायचं. आई कुठे? तेही नाकच सांगायचं.

थंडीचे दिवस होते. नाकुलीच्या नाकावर टोपी होती. हिरवीगार नाकटोपी! शेजारच्या विसूकाकांनी विणलेली.

एके सकाळी नाकुलीने टोपी काढली. गवतावर ठेवली. एक किडा पकडला. गट्टम केला. मागे वळून बघते तर काय?

टोपी गायब!

थंडी वाजली. नाक गारठलं. वास येईना. बीळ कळेना. आई कळेना.

"आई! आई गं!"

आई काही ओ देईना.

तेवढ्यात आवाज आला. टिक टिक, टिक टिक. या तर विसूकाकांच्या सुया!

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"विसूकाका, विसूकाका, नाकटोपी विणा ना!"

"का गं?"

"माझं नाक गार गार,
आई काही सापडेना!"

"विणीन की! पण साधी हिरवी नको. जुनी दिसत नाही, पाला समजून कुणीतरी खाल्ली असणार. आता नक्षीची हवी. आणि बघ, सकाळपासून विणतोय आणि उसवतोय, विणतोय आणि उसवतोय. नक्षीच सुचत नाही! त्या कोळिणीला बरी रोज सुचते. आधी तिचं जाळं बघून ये, मग मी विणतो."

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

कुंपणावर होती कोळीण. आठ पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"कोळीणताई, कोळीणताई, जाळं विण ना!"

"का गं?"

"काकांना नक्षी सुचेना.
माझं नाक गार गार,
आई काही सापडेना!"

"विणीन की! पण हा वारा बघ. एक धागा बांधते, दोन तोडतो. आधी वारा झोपू दे, मग मी विणते."

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

माळावर होता वारा. सूं सूं, सूं सूं.

"वारोबा, वारोबा, झोप ना!"

"का गं?"

"कोळीण जाळं विणेना.
काकांना नक्षी सुचेना.
माझं नाक गार गार,
आई काही सापडेना!"

"झोपीन की! पण अंगाईशिवाय झोपायचं कसं? आधी बुलबुल गाऊ दे, मग मी झोपतो."

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

तारेवर होती बुलबुल. डोक्यावर तुरा. शेपटीखाली लाल लाल.

"बुलबुलताई, बुलबुलताई, अंगाई गा ना!"

"का गं?"

"वारा काही झोपेना.
कोळीण जाळं विणेना.
काकांना नक्षी सुचेना.
माझं नाक गार गार,
आई काही सापडेना!"

"गाईन की! पण पोटात काही नाही, तर गळ्यात गाणं कुठलं? आधी बोर मिळू दे, मग मी गाते."

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

बांधावर होती बोरी. बोरांनी लगडलेली.

"बोरीमामी, बोरीमामी, बोर टाक ना!"

"का गं?"

"बुलबुल अंगाई गाईना.
वारा काही झोपेना.
कोळीण जाळं विणेना.
काकांना नक्षी सुचेना.
माझं नाक गार गार,
आई काही सापडेना!"

"टाकीन की! पण खाली बघ कोण उभंय. बोर पडलं, की हिने मटकावलंच! आधी ही शेळी हलू दे, मग मी टाकते."

शेळी होती काळी काळी. बें बें, बें बें.

"शेळीमावशी, शेळीमावशी, बाजूला हो ना!"

"का गं?"

नाकुलीने मोठ्ठा श्वास घेतला.

"बोरी बोर टाकेना.
बुलबुल अंगाई गाईना.
वारा काही झोपेना.
कोळीण जाळं विणेना.
काकांना नक्षी सुचेना.
माझं नाक गार गार,
आई काही सापडेना!"

"होईन की! पण दात बाई कसला ठणकतोय! काहीतरी अडकलंय. आधी ते निघू दे, मग मी हलते."

आता कुणाकडे जायचं? नाकुलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नाही.

"आ कर," नाकुली म्हणाली.

"आऽऽऽ!"

बाप रे! केवढं तोंड! केवढाले दात! नाकुली एक पाऊल मागे सरली. पण तिने नाक आत घातलं. बारीक, लांब नाक. दातांच्या फटीत बरोब्बर शिरलं.

आत काय होतं? लोकर! हिरवीगार लोकर!

"मावशी! माझी टोपी तू खाल्लीस?"

"अगं बाई! ती टोपी होती? मला पाला वाटला गं!"

नाकुलीने लोकर धरली. ओढली. आणखी ओढली. सुट्ट! लोकर निघाली.

"हुश्श! किती गुणाची गं तू!" शेळी म्हणाली. आणि शेळी हलली.

शेळी हलली, बोरीने बोर टाकलं. टप्प!
बोर पडलं, बुलबुलने खाल्लं.
बुलबुलने खाल्लं, मग गाऊ लागली. गाई गाई, गाई गाई.
बुलबुल गायली, वारा झोपला. घुर्र... घुर्र...
वारा झोपला, कोळिणीने जाळं विणलं. गोल गोल, गोल गोल.

नाकुलीने जाळं डोळे भरून पाहिलं. हिरवी लोकर तोंडात धरली. आणि पळाली. लुटुलुटु, लुटुलुटु!

"काका, पाहिली नक्षी!"

"सांग, सांग! कशी होती?"

"गोल गोल होती. पण काका, आधी वारा झोपला. वारोबा किती चांगला! बुलबुल गायली, म्हणून तो झोपला. बुलबुलताई किती चांगली! बोरीमामीने बोर टाकलं, म्हणून ती गायली. मामी किती चांगली! आणि शेळीमावशी हलली, म्हणून..."

"शेळीमावशी पण चांगली?"

"हो! टोपी खाल्ली तिने. पण हलली ना!"

विसूकाका खुदकन हसले. सुया उचलल्या. "थांब, थांब! सुचली की नक्षी!"

टिक टिक, टिक टिक. दोन सुलट, दोन उलट.

कोळिणीची पांढरी जाळी.
वाऱ्याची निळी लाट.
बुलबुलचा लाल ठिपका.
बोराचा पिवळा गोळा.
शेळीचा काळा पट्टा.
आणि अगदी टोकाला, जुनी हिरवी लोकर!

काकांनी टोपी नाकावर चढवली. नाक ऊन झालं. नाकुलीने वास घेतला. सूं... सूं...

हा वास लोकरीचा. हा वास काकांच्या चहाचा. आणि हा? पिठाच्या डब्यामागून येतोय तो?

"आई!"

"अगं, कुठे होतीस तू? काकांचं सगळं घर हुंगलं मी!"

आईने नाकुलीला पोटाशी घेतलं. घट्ट घट्ट.

दुसऱ्या दिवशी नाकुली पुन्हा निघाली. टोपी घालून. लुटुलुटु, लुटुलुटु. कोळिणीपुढे नाक वाकवलं. वाऱ्यापुढे वाकवलं. बुलबुलपुढे वाकवलं. बोरीपुढे वाकवलं.

"बघा, बघा! टोपीवर तुम्हीच आहात!"

शेवटी आली शेळी. तिने टोपीकडे पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली.

"मावशी! तो काळा पट्टा तू आहेस!"

"मी? अगं बाई, खरंच की! मग नाही हो खाणार. स्वतःला कुणी खातं का?"

नाक झालं ऊन ऊन,
आपली गोष्ट झाली विणून!