वाटेचा भाव

खूप जुनी गोष्ट आहे, मंडळी. लहानांनी पुढं बसावं, मोठ्यांनी मागं, आणि 'मग काय झालं' असं कुणी मध्येच विचारू नये. सांगतोच आहे.

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव कसलं, ओलीचं माहेरच! भिंतींना बारा महिने ओल, धान्याला बुरशी, अंथरुणं कधी पुरती वाळायची नाहीत. पण तिथला बैलबाजार पंचक्रोशीत नावाजलेला. त्या बाजारात एक दलाल होता. समोरच्याचा हात आपल्या रुमालाखाली घ्यायचा, बोटं दाबायची, आणि तोंडातून शब्द न काढता सौदा जुळवायचा. भल्याभल्या शेटजींना त्याच्या बोटांनी घाम फोडलेला होता.

त्याचा एक नियम होता, आणि तो कुणालाही ऐकवायला त्याला आवडायचं. "बाजारात उभं राहायचं ते एक पाय बाहेर ठेवून. ज्याला निघून जाता येतं त्यालाच भाव मिळतो. ज्यानं बाजारात पथारी टाकली, तो कापला गेलाच म्हणून समजा."

खोटं नव्हतं ते. लांबून आलेला शेतकरी बैल झाडाला बांधून, भाकरी सोडून निवांत बसला की दलाल ओळखायचा, हा आता परत जात नाही. मग त्याचा भाव खाली पाडायला कितीसा वेळ! या एका नियमावर दलालानं चांगलं चौसोपी घर बांधलं होतं.

आणि अशात त्याच्या बायकोला खोकला लागला. आधी रात्रीचा, मग दिवसाचाही. कोपऱ्यावरच्या आडावरून घागर आणताना ती दोनदा खाली बसायला लागली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि दलालाला बाहेर नेऊन सांगितलं.

"छातीत ओल धरलीय. औषध माझ्यापाशी नाही, हवेपाशी आहे. डोंगरापलीकडं परमुलखात हवा कोरडी असते. दोन हिवाळे तिथं काढा. पण पहिला हिवाळा खरा, बरं का. रोग कोवळा आहे तोवर ती एका जागी निवांत बसली पाहिजे. तिला फिरवू नका, धूळ खाऊ घालू नका. पहिला हिवाळा वाया घालवलात तर दुसरा तिला जगवेल, पण गेलेला श्वास परत देणार नाही."

दलालाचा बायकोवर जीव होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्ही त्याला नावं ठेवणार आहात. त्यानं बैलजोडी विकली, गोठ्याची जागा विकली. तिनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. परमुलखात ना ओळख ना पाळख, ना धंदा. कनवटीला जे असेल त्यावरच दोन हिवाळे काढायचे होते. दसऱ्याचं सोनं वाटलं आणि दोघं गाडीत बसली.

डोंगर ओलांडला आणि सगळंच बदललं. बोली वेगळी, पण कान जरा लावला की कळायची. हवा मात्र अशी कोरडी की धुतलेलं लुगडं दांडीवर टाकून वळेपर्यंत वाळायचं. पहिलंच शहर पांढऱ्या मातीच्या घरांचं होतं. दलालानं एक खोली भाड्यानं घेतली, अंगणात तीन दगड मांडले, आणि बायकोनं त्यावर पिठलं टाकलं. त्या रात्री ती लवकर झोपली, आणि सकाळपर्यंत एकदाच खोकली.

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी घमेल्यात मळलेली माती घेऊन दारात उभी. "घे गं बाई, चुलीला. आमच्याकडं नव्या बिऱ्हाडाला पहिली माती शेजारीण देते."

दलाल पुढं झाला. "राहू दे, आजी. अजून आमचं नक्की नाही. बघतोय, परवडतंय का."

म्हातारीनं घमेलं तसंच परत उचललं. पण जाता जाता ती बायकोपाशी थांबली. "तुझ्या धन्याला सांग. या मुलखात दोन भाव असतात. मातीची चूल घातलेल्याला घरचा भाव, आणि तीन दगडांवर रांधणाऱ्याला वाटेचा भाव. भाजीवाली, तेली, लाकूडवाला, सगळे आधी चूल बघतात."

"असं का हो, आजी?"

"का म्हणजे? तीन दगडवाला आज आहे, उद्या नाही. त्याच्याकडून काय ते आजच घ्यायचं. चूलवाल्याकडून उद्याही घ्यायचंय, परवाही. शिवाय मी आजारी पडले तर माझं पाणी कोण भरणार? वाटसरू?"

बायकोनं हे नवऱ्याला सांगितलं. तो खो खो हसला. "अगं, ही बाजारातली जुनी चाल! गिऱ्हाइकाला आधी बांधून घ्यायचं आणि मग कापायचं. मीच नाही का हे आयुष्यभर केलं? एकदा चूल घातली की आपण अडकलो. मग ही भाजीवाली काय वाटेल ते सांगेल आणि आपण मुकाट्यानं देऊ. आपण सुटे आहोत हे सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"अहो, पण आपण इथं राहायलाच आलोय ना?"

"ते त्यांना कशाला कळायला हवं!"

घ्या! आता या माणसाला काय म्हणावं? शहाणा होता, म्हणूनच पंचाईत होती. वेडा असता तर कुणीतरी समजावलं असतं.

पुढचे काही दिवस दलाल मंडईत जायचा आणि हात हलवत यायचा. वांगी बघायचा, भाव ऐकायचा, पाठ फिरवून चालू लागायचा. आपल्या बाजारात विकणारा 'अहो थांबा' म्हणून मागं धावतो. इथं कुणी धावत नव्हतं. भाजीवाली नुसती मान हलवून पुढच्या बाईकडं वळायची, आणि तेवढ्याच पैशात तिच्या ओटीत दुप्पट वांगी टाकायची. दलालाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "लुटारूंचं शहर आहे हे," तो घरी येऊन म्हणाला. "अशानं आपला पैसा पहिल्याच हिवाळ्यात संपेल."

धर्मशाळेपाशी एक कांबळी विकणारा भेटला. तो म्हणाला, पूर्वेला तांबड्या दगडाचं शहर आहे, तिथं मी राहतो, तिथं लाकूडफाटा याच्या निम्म्यानं मिळतो. झालं! दलालानं गाडी ठरवली. खोलीचं भाडं आगाऊ भरलेलं होतं, ते बुडालं. बायकोनं तीन दगडांवर पाणी ओतलं, बोचकं बांधलं, आणि पदर नाकाला लावून गाडीत बसली. चाकांची धूळ अशी उडायची की पुढचे बैल दिसायचे नाहीत.

तांबड्या शहरात लाकूडफाटा निम्म्यानं नव्हता. तो पहिल्या शहरात होता तेवढाच होता, वर एक पैसा जास्तच. "कांबळीवाला खोटारडा निघाला," दलाल म्हणाला. तो खोटारडा नव्हता. त्याच्या घरी चूल होती. पण हे दलालाला कोण सांगणार, आणि सांगितलं तर ऐकणार कोण? तिथंही शेजारणीनं माती आणली, तिथंही यानं ती परत पाठवली.

बायको एकदाच बोलली. "मला हे गाव बरं वाटतंय. इथं राहू या."

"जरा धीर धर. तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? पैसा पुरला पाहिजे."

मग तिसरं शहर. तिथं जायला उंटांच्या तांड्याबरोबर वाळवंटाच्या कडेनं चालावं लागलं. वाटेत जकात, वाटेत पाणी विकत, वाटेत एक रात्र उघड्यावर. थंडी होती ती तिथंच सरली. तिसऱ्या शहरात पोचले तेव्हा लोक शिमग्याची लाकडं गोळा करत होते. पहिला हिवाळा गेला होता.

तिथंही शेजारची माती परत गेली. आठ दिवसांत दलालाला एक मेंढपाळ भेटला आणि मिठाच्या तळ्यापलीकडच्या शहराची गोष्ट सांगू लागला. तिथं म्हणे दूध इतकं स्वस्त, की लोक मोजत नाहीत. दलालाचे डोळे चमकले. तो धावतच बिऱ्हाडी आला. "अगं, ऐकलंस का! आता मात्र खरं शहर सापडलं!"

ती अंगणात तीन दगडांपुढं बसली होती. दगडांमधून वारा शिरत होता आणि लाकूड धुमसत होतं. तिनं फुंकणी तोंडाला लावली, छाती भरून घ्यायला गेली, आणि छाती भरलीच नाही. फुंकणीतून हवा निघाली ती इतकी थोडी, की राखसुद्धा हलली नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग फुंकणी खाली ठेवली आणि ती नवऱ्याकडं बघत राहिली.

"मला विस्तव फुंकता येत नाही," ती म्हणाली.

दलाल दारातच उभा राहिला. आत्तापर्यंत त्यानं तिचा खोकला ऐकला होता, तिला थांबत थांबत चालताना पाहिलं होतं. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, पुढच्या शहरात पोचलो की बरं होईल. पण ज्या बाईनं पंधरा वर्षं ओली लाकडं फुंकून त्याला भाकरी वाढली, तिला कोरडं लाकूड फुंकता येईना, तेव्हा पुढच्या शहराचं त्याला नावही काढवेना.

"तुम्ही शहर माझ्यासाठी शोधताय, की भावासाठी?" तिनं विचारलं. रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. मग दम घेऊन म्हणाली, "महाग तर महाग. पैसे दोन महिन्यांत संपले तरी चालतील. पण मला आता उचलू नका. मी इथनं हलणार नाही."

दलाल तसाच बाहेर पडला आणि शेजारच्या तेल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भाव न विचारता काहीतरी मागितलं. "दादा, चुलीला माती मिळेल का?"

तेल्यानं घाणा थांबवला. "केव्हाची मळून ठेवलीय," तो म्हणाला. "तुम्हीच येत नव्हता."

दलालानं स्वतःच्या हातानं चूल घातली. कशी झाली म्हणता? एक बाजू फुगलेली, तोंड वाकडं, दुसरं भांडं ठेवायच्या वैलाचा तर पत्ताच नाही. तेल्याची बायको हसून लोटपोट झाली आणि तिनं पाण्याचा हात लावून ती सारखी केली. सारवून, वाळवून, दुसऱ्या दिवशी चूल पेटली. मातीच्या आडोशाला वारा लागेना, आणि लाकूड न फुंकता धडधडून पेटलं.

तिसऱ्या दिवशी दलाल मंडईत गेला. मान खाली घालून त्यानं वांगी मागितली, सांगतील ते पैसे पुढं केले. भाजीवालीनं पिशवी भरली, वर कोथिंबिरीची जुडी खुपसली आणि अर्धे पैसे परत त्याच्या हातावर ठेवले.

"बाई, चुकलं तुमचं," तो म्हणाला.

"चुकलं कसलं? घरचा भाव आहे. चूल घातलीत ना? तेलीण सांगत होती." ती पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळता वळता म्हणाली, "आणि घरात आजारी माणूस आहे म्हणे. संध्याकाळी पोरीबरोबर शेळीचं दूध पाठवते. त्याचे पैसे नकोत."

दलाल वांग्याची पिशवी घेऊन मंडईच्या कडेला एका कट्ट्यावर बसला. हिशेब त्याच्या रक्तातच होता, तो आपोआप झाला. पहिल्याच शहरात, पहिल्याच दिवशी म्हातारीची माती घेतली असती, तर होता तेवढ्या पैशात दोन सोडा, चार हिवाळे निघाले असते. आणि पहिला हिवाळा तिनं कोरड्या हवेत, एका जागी, उन्हात पाय सोडून काढला असता. तो लहान मुलासारखा रडला.

मंडळी, यापुढं गोष्ट गोड करून सांगता आली असती, पण मी ती तशी सांगणार नाही. दोघं त्या शहरात राहिली. पैसा पुरला, वर दलालाला तिथल्या बाजारात कामही मिळालं, कारण चूल असलेल्या माणसाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवायचे. दुसरा हिवाळा आला. बायकोचा खोकला थांबला, चेहऱ्यावर तुकतुकी आली, ती शेजारणींबरोबर पापड लाटायला बसू लागली. पण वैद्यबुवा बोलले होते तेच झालं. गेलेला श्वास परत आला नाही. गाडीत बसूनसुद्धा डोंगर ओलांडून गावी जाणं तिला जन्मात जमलं नाही. गावाकडं राहिलेल्या आपल्या आईला तिनं पुन्हा पाहिलं नाही.

बोलतानाही ती दोन शब्द बोलायची आणि दम घ्यायला थांबायची. आणि तो दलाल, ज्याला बाजारात कुणाच्या पुऱ्या वाक्याची कधी गरज पडली नव्हती, तो हातातलं काम खाली ठेवून तिच्या तिसऱ्या शब्दाची वाट बघत बसायचा. शेवटपर्यंत.

म्हणून म्हातारीकोतारी सांगतात: ज्याचा एक पाय कायम वाटेवर असतो, त्याला कुठलंच गाव स्वस्त पडत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा त्याच्या बरोबर चालणारं माणूस मोजतं.