वाघ का वीज?

“मग आणू का नको, वस्ताद? तेवढंच सांगा.”

इलाही वस्ताद मैदानावर ओणवे होऊन फक्की मारत होते. पांढरी रेघ सरळ चालली होती आणि त्यांची नजर काही तिच्यावरून हलत नव्हती.

“आण की,” ते म्हणाले.

“आणि निवासचं काय?”

“ठेव त्येला.”

“अहो, जागा एकच आहे!”

“मग नको आणूस.”

दिग्विजय साळोखेच्या मस्तकात तिडीक गेली. कोल्हापुरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजचा तो फुटबॉल प्रशिक्षक. खेळाडूंसाठी वसतिगृहात अठरा जागा, त्यातली सतरा नावं यादीत पक्की झालेली. अठरावं नाव आज दुपारी बारापर्यंत द्यायचं होतं. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

एका बाजूला मडगावचा ब्रायन. त्याचे गोल दिग्विजयनं मोबाईलवर इतक्यांदा पाहिले होते की पोरगा कधी डावीकडून वळणार हेही त्याला पाठ झालं होतं. दुसऱ्या बाजूला गारगोटीचा निवास चौगुले. दोन वर्षं संघात, डावा पाय बरा, आणि उजवा पाय फक्त उभं राहायला. यादीतून नाव गेलं की वसतिगृह गेलं, आणि वसतिगृह गेलं की पोरगं शिक्षण सोडून गावी जाणार, हे दिग्विजयला पक्कं ठाऊक होतं. कारण निवासनं तसं सांगितलं होतं. रडला नव्हता, नुसतं सांगितलं होतं.

आणि प्राचार्यांनीही सांगून ठेवलं होतं, की यंदा विद्यापीठाचा करंडक आला नाही तर साळोखे सरांनी दुसरीकडं बघावं.

“वस्ताद, आता जमाना बदललाय,” दिग्विजय म्हणाला. “सगळी कॉलेजं बाहेरून तयार पोरं आणतात. शिकवत बसायला वेळ कुणाला आहे? माणूस हेरता आला पाहिजे. नजर पाहिजे.”

“व्हय?”

“तुमच्याकडं होती की नजर! मला नाही का हेरलंत?”

वस्तादांचा हात थांबला. रेघेच्या टोकाशी फक्कीचा छोटा ढीग पडला.

हे दिग्विजयचं आवडतं पालुपद होतं. सत्कार असो, बक्षीस समारंभ असो, कुणाच्या पोराचं बारसं असो, माइक हातात आला की तो सांगायचा, ‘बारा वर्षांचा असताना माझ्या पायात इलाही वस्तादांना वीज दिसली.’ ऐकणारे कंटाळले होते, पण तो कंटाळला नव्हता.

वस्ताद कंबर धरून सरळ झाले.

“चल, जोडी पाडू या.”

“काय?”

“जोडी रं. इसरलास? ब्रायन आन् निवास. एक वाघ हाय, एक वीज हाय. माग.”

दिग्विजयला हसू आलं. लहानपणी याच मैदानावर पोरांची वाटणी अशीच व्हायची. सारख्या उंचीची दोन पोरं बाजूला जायची, गुपचूप एकेक नाव घ्यायची आणि गळ्यात गळे घालून यायची. गूळ का मीठ? वाघ का वीज? ज्या वस्तादाची पाळी तो मागायचा. मागितलं ते पोरगं त्याचं. मग कुरकुर करायची नाही.

“कुठला वाघ आणि कुठली वीज, ते सांगा की.”

“सांगितल्यावर मागणं कसलं?”

“बरं... वीज.”

“मी बी वीजच मागितली हुती.”

“तेच तर म्हणतोय मी! तुम्हाला माहीत होतं, वीज म्हणजे मी.”

वस्ताद पार पलीकडच्या गोलपोस्टकडं बघत राहिले...

“वस्ताद?”

“भालचंद्र आठवतोय? अतिग्र्यांचा?”

आठवत नसायला काय झालं! भालचंद्र अतिग्रे त्याच्या जोडीला होता. वाऱ्यासारखा पळायचा. त्या दिवशीच्या वाटणीत दुसऱ्या गल्लीचे गोविंद मास्तर त्याला घेऊन गेले, आणि पुढं दहा वर्षं दिग्विजयनं त्याच्याविरुद्ध सामने खेळले.

“त्यो पळायचा तसा कोन पळत न्हवतं,” वस्ताद म्हणाले. “मला वाटलं, एवढं चपळ पोरगं, त्येनं वीजच घेतली असनार.”

“म्हणजे...”

“म्हंजे म्या त्येला मागितला.”

दिग्विजयचा चेहरा खर्रकन उतरला. बावीस वर्षं मिरवलेली गोष्ट अशी एका वाक्यात मातीत गेली. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली. किती जणांसमोर, किती वेळा सांगितलं होतं आपण!

“वीज म्हणून मी पुढं आलो तेव्हा... तुम्हाला वाईट वाटलं असेल.”

“लई. रातभर झोप न्हाई लागली.”

“मग?”

“मग सकाळ झाली. तू आलास. मी बी आलो.”

“एवढंच?”

“तुला बॉल थांबवता येत न्हवता. तेवढं बगितलं.”

दिग्विजय तिथंच मैदानात मांडी घालून बसला. पांढरी पँट घातली होती, तिचाही विचार केला नाही.

गेली सहा वर्षं तो नजर शोधत होता. मणिपूरला जाऊन आला, केरळला जाऊन आला. एक गोलकीपर आणला, एक बॅक आणला. दोघेही दिवाळीला सुट्टीवर गेले ते थेट दुसऱ्या कॉलेजच्या बसमधून उतरले. दर वेळी वाटायचं, आपली नजर कच्ची, वस्तादांसारखी नाही. चुकीचा माणूस निवडला तर काय, या धास्तीनं जून महिना आला की जेवण गोड लागायचं नाही.

आणि इथं वस्तादांनी चुकीचाच माणूस मागितला होता. तो चुकीचा माणूस दहा वर्षं खेळला, जिल्ह्याचा कर्णधार झाला, आणि आता पांढऱ्या पँटीत मातीत बसला होता.

त्याला हसू फुटलं. आधी बारीक, मग मोकळं. छातीवरचं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं त्याला वाटलं. इतकं हलकं त्याला कित्येक जून महिन्यांत वाटलं नव्हतं.

करंडकाचं काय होईल, ठाऊक नव्हतं. नोकरीचंही ठाऊक नव्हतं. पण सकाळी उठून मैदानावर जाता येतं, हे ठाऊक होतं, आणि त्यासाठी नजर असावी लागत नव्हती.

बारा वर्षांचा असताना त्याचा फक्त उजवाच पाय चालायचा. वस्तादांनी सहा महिने त्याच्या उजव्या पायातला बूट स्वतःच्या पेटीत ठेवला होता. अनवाणी पायानं बॉल मारला की बोटं ठणकायची, म्हणून डावा पाय शिकला. शिकला म्हणजे, त्याला शिकावंच लागलं.

त्यानं मोबाईल काढला. ब्रायनच्या वतीनं बोलणाऱ्या त्याच्या मामांना आधी नम्रपणे नकार कळवला. कॉलेजच्या कार्यालयात अठरावं नाव सांगितलं. मग तिसरा फोन लावला.

“निवास? उद्या सहाला मैदानावर. आणि ऐक, डाव्या पायातला बूट खोलीवरच ठेवून ये.”

पलीकडून एक भला मोठा श्वास ऐकू आला आणि पाठोपाठ, “सर, एकच बूट घालून येऊ?”

“एकच.”

त्यानं फोन खिशात ठेवला आणि पँट झटकत उठला. वस्ताद पुन्हा ओणवे झाले होते.

“वस्ताद, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला भालचंद्रच मिळाला असता तर?”

वस्तादांनी मान वर केली नाही.

“तर आज सकाळी सकाळी माझं डोकं त्येनं खाल्लं असतं.”