गवतवाला आणि पदुमेचा ससा

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुबाहू राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका गवत विकणाऱ्याच्या कुळात जन्मला. उन्हे चढायच्या आत तो रानातून गवताचा भारा आणी आणि पदुमेच्या गोठ्यात टाकी. ही पदुमा तांडे घेऊन दूरदेशी जाणाऱ्या एका व्यापाऱ्याची बायको. तिचा हात मोठा सढळ. पोट भरले म्हणणाऱ्याच्या पानात ती हटकून आणखी वाढी. बोधिसत्त्वही रोज तिच्याच ओसरीवर जेवत असे.

पदुमेने एक ससा पाळला होता. त्यालाही ती माणसासारखेच वाढी: तूपभात, गूळपोहे, खिरीवरची साय. गवत गुरांनी खायचे, घरच्या लेकराने नव्हे, असे तिचे म्हणणे. एके दिवशी सशाने खाणे टाकले. बाईने आग्रह करकरून त्याच्या तोंडात दूधभात कोंबला आणि दुसऱ्या दिवशी ससा मेला. त्याच आठवड्यात शेजारच्या तिस्सा नावाच्या विधवेने त्याला मांडीवर घेऊन "किती गोजिरवाणा गं" म्हटले होते. तेवढे पुरले. तिची नजर लागली असे पदुमेने गल्लीभर सांगितले. गल्लीने तिस्सेला दारे लावली, आणि महिन्याभरात ती गाठोडे उचलून कुठेतरी निघून गेली.

बोधिसत्त्वाने त्या सशाचे फुगून टणक झालेले पोट पाहिले होते. रानातले ससे काय खातात हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण हातात त्याच घरचा घास होता. भिडेपोटी तो गप्प बसला. ही त्याची चूक झाकून ठेवण्याजोगी नाही.

वर्षभराने पदुमेने दुसरा ससा पाळला आणि त्याच कौतुकाने वाढवला. एका सकाळी बोधिसत्त्व भारा घेऊन आला, तेव्हा ससा कोपऱ्यात पोक काढून बसला होता आणि दात करकरत होता. कालपासून त्याने ना काही खाल्ले होते, ना एक लेंडी टाकली होती. पदुमा मीठमोहऱ्या ओवाळीत होती. दाराशी नवी सून उप्पला खाली मान घालून उभी होती.

"काल हिने उचलून घेतलं होतं त्याला," पदुमा म्हणाली. "ससा जगो की मरो, हिला उद्या माहेरी धाडते. अशी नजर घरात नको मला."

बोधिसत्त्वाने भारा उतरवला. "माई, आजचा दिवस ससा माझ्याकडे द्या. त्याला कोणी काही भरवू नका."

त्याने फडके उन्हात तापवून सशाचे पोट शेकले. बोटांनी हलके हलके चोळले. पाणी थेंबाथेंबाने पाजले आणि मधूनमधून त्याला अंगणात चार पावले चालवले. भाऱ्यातले लांब, कोरडे गवत तोंडाशी धरले. ससा मान फिरवी, बोधिसत्त्व पुन्हा धरी. दुपार कलता कलता चार बारीक, कोरड्या लेंड्या पडल्या. मग सशाने गवताची एक काडी ओढून घेतली आणि सावकाश चावली.

"बघ, मीठमोहऱ्यांचा गुण आला," पदुमा म्हणाली. "नजरच होती ती."

बोधिसत्त्वाला उप्पला दिसत होती. आता गप्प राहिले तर ससा जगेल आणि मुलगी जाईल.

"नजर कोणाची नव्हती, माई. तूपभात सशाला पचत नाही. त्याला गवत लागतं."

"आणि मागचा ससा?"

"तोही त्यानंच गेला."

"तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

पदुमा हळूच म्हणाली, "मी तिस्सेला हाकलत होते, आणि तू माझ्या ओसरीवर बसून जेवत होतास."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरचे गवत दुसरा कोणी आणू लागला. उप्पला मात्र घरात राहिली, आणि सशापुढे गवत पडू लागले. पदुमेने तिस्सेला शोधायला माणसे धाडली. बोधिसत्त्व नदीकाठची गावे स्वतः हिंडला. कोणालाच ती सापडली नाही.

विहारातल्या आजारी भिक्षूला खिरीचा आग्रह करणाऱ्या एका उपासिकेला शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हटले, "तेव्हाची पदुमा ती तूच. उप्पला ही तुझी आजची सून. ससा म्हणजे हा भिक्षू, आणि गवतवाला मी."

"आणि तिस्सा?" उपासिकेने विचारले.

शास्ता म्हणाला, "तिस्सा या सभेत नाही. त्यानंतर ती मला कुठल्याच जन्मी भेटलेली नाही."

या जातकातली पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण, सत्याची. गवतवाल्याला ती वर्षभर उशिरा साधली.